सतरा नंबरची गोटी

११ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार.

ताई फोनवर म्हणाल्या की तुम्ही आता काठी न घेता फाटकापर्यंत जाऊन येता. ऐकून फार बरं वाटलं. त्या असंही म्हणाल्या, की जिभेला अजून जडपणा आहे आणि फोनवर कोणी "काय?" म्हणून परत विचारलं की तुम्ही फोन त्यांच्या हातात देऊन उठून जाता. म्हणून पत्र लिहितेय. कागद कधी "काय?" म्हणत नाही.

इकडे सगळे ठीक. यांच्या शाळेत परीक्षा जवळ आल्यात, त्यामुळे हे स्वयंपाकघरातही सराव पेपर तपासत बसतात. तुम्ही पक्षाघाताच्या झटक्यानंतर ताईंकडे गेल्यापासून तुमच्या गॅरेजचं शटर खालीच आहे. परवा एक कपड्यांचा दुकानदार जागा बघून गेला. यांनी अजून त्याला हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही.

बोल्टच्या डोक्यावर बसवायच्या तुमच्या गोट्यांची पेटी मी उघडली. रागावू नका. माझी शिवणयंत्रं मी नेहमी स्वतःच उघडते, पण तिथला सगळ्यात मोठा स्क्रू करंगळीच्या नखाएवढा. तुमच्या पेटीत गोट्या फिरवायची तीन रॅचेट आहेत. एक वीतभरही नाही, एक मधलं, आणि एक मनगटाएवढ्या दांड्याचं. मधल्याची गोटी मोठ्याला बसत नाही. काही गोट्यांवर साधे आकडे, काहींवर अपूर्णांक. आतून काहींना सहा कोपरे, काहींना बारा. एवढा पसारा कशासाठी? कोणती कुठे लावायची? सहज विचारतेय.

तुमची सूनबाई


१९ फेब्रुवारी

सूनबाई,

डाव्या हाताने लिहितोय. कोंबडी शाईतून चालल्यासारखं अक्षर आहे. चालवून घे.

गोट्यांची चौकशी सहज कोणी करत नाही. विकायच्या असतील तर सरळ सांगा. मी अजून ऐकतो नीट. फक्त सेट फोडून विकू नका. दोन गोट्या इकडे, चार तिकडे, असं नको. आणि दुकानदाराला सांग, भिंतीवरच्या खिळ्यांना हात लावायचा नाही. ते मी ठोकलेत.

विचारलंस म्हणून सांगतो. गोटीच्या मागचा चौकोन बोल्टच्या मापाचा नसतो, जोराच्या मापाचा असतो. पाव इंची चौकोन नाजूक कामाला. तीन सुती, म्हणजे इंचाच्या आठ भागांतले तीन, मधल्या कामाला, गाडीची बरीचशी कामं त्यावर होतात. अर्धा इंची जिथे अंगाचा जोर लागतो तिथे. आकडे मिलिमीटरचे. अपूर्णांक इंचाचे. त्यांची सरमिसळ करू नये. सहा कोपरी गोटी बोल्टची बाजू धरते, बाराची नुसता कोपरा धरते.

गिऱ्हाइकाला एवढं पुरे.

बाबा

ता. क. – वहिनी, मी ताई. हे लिहून झाल्यावर बाबा जेवले नाहीत, ताट तसंच सरकवलं. गॅरेज खरंच देताय का? मला आधी सांगायचंत.


२७ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र वाचलं आणि मला कानकोंडं झाल्यासारखं वाटलं. कोणीही काही विकत नाहीये. दुकानदाराला यांनी कालच सांगितलं, की वडील बरे होऊन येईपर्यंत जागेचा विषय काढू नका. तो म्हणाला, "मास्तर, मग मी दुसरीकडे बघतो." हे म्हणाले, "अवश्य बघा." खिळ्यांना कोणी हात लावलेला नाही. आता तरी जेवा.

मी विचारलं ते समजून घ्यायला. तुम्ही लिहिलंत ते पेटीसमोर बसून वाचलं आणि गोट्या पुसून तीन फडक्यांत वेगवेगळ्या ठेवल्या. आता पेटी उघडली की नजरेला बरं वाटतं.

अजून एक शंका आहे. एका ओळखीच्या माणसाने पंपाच्या झाकणाचा दहा नंबरचा बोल्ट घट्ट करायला घेतला आणि तो कट्कन मोडला. अर्धा तुकडा आतच राहिला, टोक जरासं वर आहे. तो बाहेर कसा काढायचा? तो माणूस फार काळजीत आहे.

तुमची सूनबाई


६ मार्च

सूनबाई,

जेवलो. विकत नाही हे आधीच लिहायचंस. उगीच एका पोळीचं नुकसान.

तुझ्या ओळखीच्या माणसाला सांग. त्याने दहाच्या बोल्टला अर्धा इंची रॅचेट लावलं असणार. त्या दांड्यापुढे दहाचा बोल्ट म्हणजे कोवळी काकडी. दांडा लांब असला की हाताला बोल्टचं दुखणं कळत नाही. तिथे पाव इंची लावायचं, फार तर तीन सुती, आणि दांड्याच्या टोकाला न धरता डोक्याजवळ धरायचं. बोल्ट बसला की तो सांगतो. पुढे ओढायचं नाही.

तुकडा काढायचा तर त्यावर पातळ तेल सोड. रात्रभर मुरू दे. मग भोवतीचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गरम कर, बोल्ट नव्हे. घट्ट चिमट्याने टोक पकड. आधी किंचित आत फिरव, मग बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. घाई केलीस तर उरलेलं टोकही जाईल.

ओळखीच्या माणसाचा हात कापला नाही ना? त्याला सांग, काम करताना अंगठी काढून ठेवायची. आणि केस घट्ट बांधायचे.

बाबा


१२ मार्च

बाबा,

केसांचं वाचून हे इतके हसले की चष्मा पुसावा लागला. म्हणाले, "चोरी मुद्देमालासकट पकडली गेली." हो, ओळखीचा माणूस मीच. अंगठी काढली आहे. हात कापला नाही. तुकडा तुम्ही सांगितलं तसा मागेपुढे करत निघाला. शेवटी तो तळहातावर पडला तेव्हा मी एकटीच मोठ्याने "निघाला रे!" म्हणाले.

आता सगळं सांगते. धक्क्यावरचे भोंगाकाका आठवतात ना, ज्यांची नदी ओलांडणारी लाँच दिसायच्या आधी त्यांचा आवाज काठावर पोचतो ते? लाँचच्या इंजिनच्या पंपातून पाणी गळतंय म्हणून ते तुम्हाला शोधत आले होते. शटर बंद बघून पायरीवर बसून राहिले. मी म्हटलं, "झाकणच आहे ना, बघू तरी." तो बोल्ट मी लाँचवर जाऊन मोडला. पण नंतर झाकण नीट बसलं, गळती थांबली.

तरीही लाँच बंदच आहे बाबा. इंजिनचं तेल तपासलं तर दुधाळ निघालं. भोंगाकाका म्हणतात, इंजिनच्या वरच्या भागाची, हेडखालची गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी, गेली आणि पाणी तेलात शिरतंय. इंजिन कंपनीच्या मेकॅनिकला पुढच्या महिन्याच्या शेवटाशिवाय सवड नाही. पलीकडच्या पोरांना पुलावरून वळसा घालून शाळेत यावं लागतं, यांच्या वर्गातले चारपाच बाक रिकामे असतात. पलीकडच्या दवाखान्याची नर्स पहाटे घर सोडते.

मी हेड उघडू का? तुम्ही सांगाल तसंच करीन. तुम्हाला न विचारता नाही.

तुमची सूनबाई


१८ मार्च

सूनबाई,

नको.

रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणसं उतरून ढकलतात. नदीच्या मध्यावर कोण उतरणार? झाकण वेगळं, हेड वेगळं. एक बोल्ट कमी आवळला, एक जास्त आवळला, तर पंधरा दिवसांनी गॅस्केट पुन्हा जाईल. तेव्हा लाँचमध्ये पोरं असतील.

मी तिथे असतो तर तुझ्या हातावर हात ठेवून दाखवलं असतं. मी तिथे नाही. हातही नाही.

भोंग्याला सांग थांब म्हणून.

बाबा

ता. क. – वहिनी, हे लिहून झाल्यावर बाबांनी दुसरा कागद मागितला. बराच वेळ काहीतरी रेघोट्या मारल्या आणि मग चुरगळून टाकला. मी उलगडून बघितला. दोन ओळींत गोल गोल काढलेत आणि त्यांना आकडे घातलेत. तुम्हाला काही कळतंय का बघा, सोबत जोडते. आणखी एक, ते सांगणार नाहीत म्हणून मीच सांगते. उजव्या हाताचा व्यायाम त्यांनी सोडलाय. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू शेजारच्या कुत्र्याकडे गेला. "पोराटोरांचे खेळ," असं काहीसं म्हणाले. निदान मला तसं ऐकू आलं.


२४ मार्च

बाबा,

तुमचं "नको" मी मानलं. हेडला हात लावलेला नाही. पण तुम्ही फेकलेला कागद ताईंनी मला पाठवला, त्यामुळे आता थोडी हुज्जत घालते.

ते गोल म्हणजे हेडचे बोल्ट आहेत आणि आकडे म्हणजे ते कोणत्या क्रमाने आवळायचे ते. हो ना? मधल्यापासून सुरुवात आणि मग आलटून पालटून कडेला. कपड्याला अस्तर लावताना मीही आधी मध्ये टाचणी लावते आणि मग कडेला जाते, नाहीतर सुरकुती एका कोपऱ्यात साठते. म्हणजे तुमचं मन "नको" म्हणत नव्हतं, तुमची भीती म्हणत होती. भीती खरी आहे, मलाही आहे. म्हणून माझं म्हणणं ऐका. काम मी करीन. लाँच धक्क्याला बांधूनच इंजिन चालवू. मग रिकामी लाँच नेऊ-आणू. कंपनीचा मेकॅनिक आला की तो तपासेल, आणि तो हो म्हणेपर्यंत एकही प्रवासी चढणार नाही. नुसतं तपासायचं असेल तर लवकर येतो म्हणालाय, ते काम तासाभराचं आहे. भोंगाकाकांनी हे सगळं कबूल केलंय. हळू आवाजात कबूल केलं, यावरून ओळखा किती गंभीर आहेत.

दुसरं. सोबतच्या पार्सलमध्ये तुमचं पाव इंची रॅचेट आहे, आठ आणि दहाची गोटी आहे, आणि यांनी एका फळीवर बसवून दिलेले सहा बोल्ट आहेत. चेंडू पोरांचा खेळ असेल, हा तर तुमचा धंदा. मोठं पाठवलं नाही. जोर कमी असेल तिथे छोटं लावायचं, हे तुम्हीच शिकवलंत. फळी कुत्र्याला देऊ नका.

तुमची सूनबाई


२ एप्रिल

सूनबाई,

पार्सल मिळालं. फळीचे बोल्ट मास्तरने वाकडे बसवलेत. गणित शिकवतो म्हणे.

पहिल्या दिवशी उजव्या हातातून रॅचेट तीनदा पडलं. ताईच्या फरशीचा टवका उडाला. तिने तिथे गोणपाट अंथरलं. चौथ्यांदा दांडा फिरला आणि कटकट आवाज आला. मी बराच वेळ नुसता तो आवाज करत बसलो. ताई म्हणते, आता घरात रातकिडा पाळल्यासारखं वाटतं.

तू माझ्यापुढे वकिली केलीस. चांगली केलीस. मेकॅनिक तपासणार असेल तर कर. आता नीट वाच.

हेडचे बोल्ट सतरा नंबरचे आहेत. सहा कोपरी सतराची गोटी, अर्धा इंची चौकोनाची. साडेपाच सुतीवाली घेऊ नकोस. ती बसते असं वाटतं, पण किंचित ढिली असते, आणि जोर दिला की बोल्टचे कोपरे खाते. गोटी हातात घेऊन बोल्टवर ठेव आणि हलवून बघ. खुळखुळली तर ती त्याची नव्हे.

सोडवताना पहिला झटका रॅचेटने द्यायचा नाही. त्याच्या पोटात बारीक दाते असतात, ते तुटतात. पेटीच्या तळाशी साधा लांब दांडा आहे, तो लाव. दांडा स्वतःकडे ओढ, ढकलू नकोस. निसटला तर बोटं इंजिनवर आपटतात. सोडवताना कडेकडून मध्ये ये. आवळताना मधून कडेला जा. तीन फेऱ्यांत आवळ, एकदम नाही.

कपाटावर लांब डबा आहे. त्यात टॉर्क पाना आहे. किती जोर लागला ते तो दाखवतो. मी तो कधी वापरला नाही, माझा हातच सांगायचा. तो हात तुला पोस्टाने पाठवता येत नाही. तू पाना वापर. माप इंजिनच्या पुस्तकात असेल, अंदाजाने नाही. जुनं तेल सगळं काढून टाक. इंजिन तापून गार झालं की गॅस्केट बसते. मग पुस्तक सांगत असेल तर पुन्हा एकदा आवळ.

हाताला काय काय लागलं ते लिही. सगळं लिही.

बाबा


१६ एप्रिल

बाबा,

सगळं लिहा म्हणालात, म्हणून चहा घेऊन बसलेय.

शनिवारी सकाळी हे, मी आणि भोंगाकाका लाँचवर गेलो. हे कंदील धरायला, म्हणजे टॉर्च धरायला. टॉर्च जिथे मी बघत नव्हते नेमकी तिथे पडत होती. कडेचे बोल्ट तुमच्या दांड्याने सुटले. पहिला सुटला तेव्हा असा करकरला की मला वाटलं मोडला. पण तो मोडणारा आवाज नव्हता. मोडणाऱ्याचा कट् कोरडा असतो, हा जुनं दार उघडल्यासारखा होता. तेव्हापासून फरक कळायला लागला.

सातव्या बोल्टवर गाडी अडली. गोटी ठेवली तर खुळखुळली. बघितलं तर कोपरे आधीच कोणीतरी खाल्लेले, जवळजवळ गोल. मी म्हटलं, "काका, याला कोणी हात लावला होता?"

ते नदीकडे बघत म्हणाले, "मागच्या वर्षी मीच जरा आवळला होता. हाताशी होती ती गोटी लावली."

"कितीची?"

"आता गोटीला काय नावगाव विचारायचं असतं?"

हे हसायला लागले, मला हसू येईना. बाकीचे सगळे सुटलेले आणि हा एकटा हटून बसलेला. दांडा लावला की गोटी घसरून फिरायची. तुम्हाला फोन करून उपयोग नव्हता. मी धक्क्यावर जाऊन बसले. वाटलं, आपण उगीच यात पडलो. इतके दिवस लोक वळसा घेताहेत, अजून महिनाभर घेतील. घरी जाऊन कोणाची तरी बाही शिवावी.

मग तुमचं वाक्य डोक्यात आलं, की सहा कोपरी गोटी बोल्टची बाजू धरते. म्हटलं, बाजू राहिली नसेल तर बाजू करून देऊ. परत गेले. कानस घेतली आणि बोल्टचं डोकं सहा बाजूंनी थोडं थोडं घासलं. जागा अडचणीची, गुडघे दुखून आले. सोळाची गोटी जेमतेम टेकेल एवढं झालं, तेव्हा ती हातोडीने ठोकून वर बसवली. हलवून बघितली. खुळखुळली नाही. काकांना म्हटलं, "आता बोलू नका." ते खरंच बोलले नाहीत. दांडा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. आणि बाबा, तो करकरला. मोडला नाही, करकरला. काकांनी असा काही आवाज केला की पलीकडच्या काठावरून कोणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं.

हेड उचलायला दोघे पुरुष लागले. गॅस्केट एका जागी कागदासारखी फाटली होती. हेडचा तळ सरळ पट्टी ठेवून तपासला, वाकलेला नव्हता. दोन्ही बाजू खरवडून साफ केल्या, नवी गॅस्केट घातली, त्या खराब बोल्टच्या जागी पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचा नवा आणला. टॉर्क पाना वापरला. तिन्ही फेऱ्या तुमच्या गोलांच्या क्रमाने केल्या. तो चुरगळलेला कागद इंजिनला चिकटवला होता, त्यावर आता काळे ठसे आहेत.

जुनं तेल काढून नवं भरलं. इंजिन दुसऱ्या हिसक्याला सुरू झालं. धक्क्याला बांधून चालवलं, गार होऊ दिलं, पुस्तकाप्रमाणे पुन्हा आवळलं. तेल स्वच्छ राहिलं. रिकामी लाँच रोज नेली-आणली. बुधवारी कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने एकेक बोल्ट स्वतःच्या पान्याने तपासला. तो म्हणाला, "ठीक आहे. कोणी केलं?" काका म्हणाले, "आमच्या गॅरेजवाल्या बाईंनी." मला बाबा, सांगू का, त्या शब्दाची इतकी सवय नव्हती की मी मागे वळून बघितलं.

गुरुवारी पोरं आली. वर्गातले बाक भरले. नर्सने जाताना माझ्याकडे बघून हात हलवला. आणि काल एकजण शेतीचा पंप घेऊन आला, आज एकजण गाडी. शटर आता वर आहे. मला अजून अर्धंही येत नाही. रोज दहा गोष्टी तुम्हाला विचाराव्याशा वाटतात आणि पत्राला आठवडा लागतो.

तुमची सूनबाई


२५ एप्रिल

सूनबाई,

हे पत्र उजव्या हाताने लिहितोय. पहिल्या ओळीला फार वेळ लागला, म्हणून ताईला सांगितलंय की जेवायला हाक मारू नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा ताईकडून वाचून घेतलं. कानस लावून बाजू करून देण्याची युक्ती मी तुला सांगितली नव्हती. ती तुझी. मी असतो तर छिन्नी लावून बसलो असतो, आणि कदाचित बोल्ट गमावला असता. करकरण्यातला फरक तुला कळला हे वाचल्यावर मी पत्र खाली ठेवलं आणि फाटकापर्यंत जाऊन आलो. तो फरक शिकवता येत नाही. मला समजायला दोन वर्षं लागली होती, त्यात माझ्या उस्तादाचे किती बोल्ट मोडले ते तो गेल्यावरही मी कोणाला सांगितलेलं नाही.

फळीवरचे सहाही बोल्ट आता मी उजव्या हाताने आवळतो आणि सोडतो. पाव इंचीवर. तीन सुती अजून झेपत नाही. डॉक्टर म्हणाले, हात पूर्वीसारखा होईलच असं नाही. मी म्हटलं, पूर्वीसारखी कामं करणारी एकजण आहे, मला बारकी कामं पुरतील. त्यांना माझं बोलणं पहिल्या वेळेतच कळलं. "काय?" म्हणाले नाहीत.

रविवारी येतोय. ताई पोचवायला येतेय. ती म्हणत होती पुलावरची बस थेट घरापाशी सोडते. मी सांगितलं, आपण पलीकडच्या काठाला उतरू आणि लाँचने येऊ. तिने विचारलं, "बाबा, नक्की?" मी इंजिनपाशी बसणार आहे. शंका आहे म्हणून नव्हे, ऐकायचंय म्हणून. भोंग्याला सांग, तेवढा वेळ तोंड बंद ठेव.

एक विचारायचं राहिलं. सोमवारी गॅरेज किती वाजता उघडतेस? मला वेळेवर यायला आवडतं.

बाबा